रविवारची उत्तरं

"या खुर्च्या मुद्दाम असल्या ठेवतात," आबेल इदाच्या कानाशी पुटपुटला. "कंबर धरली की माणूस आपणच म्हणतो, आणा बाबा ते कागद, कुठे सही करायची दाखवा आणि सोडा एकदाचं." त्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलून बसून पाहिलं. घरोघर हीटरचं तेल पोचवणारा टँकर चालवून त्याची कंबर मुळातच कामातून गेली होती, त्यात लग्नामयताला घालायचा कोट आता पोटावर मिटत नव्हता. खुर्च्या तशा का आहेत हे इदाला ठाऊक होतं. उंच, कडक बैठकीच्या, दोन्ही बाजूंना भक्कम हात असलेल्या. मऊ सोफ्यात म्हातारं माणूस एकदा रुतलं की उठताना त्याला कुणाचा तरी हात मागावा लागतो, आणि हात मागून उठलेला माणूस वकिलापुढे बसायच्या आधीच निम्मा हरलेला असतो. फॉल रिव्हर गावातल्या तिच्या स्वतःच्या वकिलीच्या ऑफिसात हुबेहूब अशाच खुर्च्या होत्या, तिनेच दुकानात एकेकीवर बसून, उठून, पुन्हा बसून निवडलेल्या. त्यांच्यावर बाहेर बसवलेली म्हाताऱ्या अशिलांची मुलं काय कुरकुरत असतील हे मात्र तिने कधी ऐकलं नव्हतं. ती नेहमी दाराच्या आतल्या बाजूला असायची.

मघाशी झालं ते तसं काहीच नव्हतं. प्रिसिला थर्लो, टॉन्टन गावातली वकीलबाई, इदाच्याच धंद्यातली, तिच्याहून पाचेक वर्षांनी मोठी, पांढरे केस कानापर्यंत कापलेली. तिने त्यांच्या आईचा, माईचा, हात हातात घेतला, तिच्या कोटाच्या कॉलरचं कौतुक केलं, ती कॉलर माईने स्वतः शिवली होती हे ऐकून पुन्हा एकदा केलं, आणि मग दोघा भावंडांकडे वळून म्हणाली, "तुम्ही आता जरा बाहेर बसा हं. कोपऱ्यात कॉफी आहे." आबेल लगेच उठला, शाळेत उठायचा तसा. इदा उठली नाही. तिला वाटलं, हे आबेलला आहे. ती माईच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढत होती, कारण माईचा डावा कान शिवणयंत्रांच्या खडखडाटात कधीच गेला होता, आणि तिच्या मनात बोलण्याचं पहिलं वाक्यही जुळून आलं होतं. प्रिसिला थांबली. मग आवाज न चढवता म्हणाली, "इदा, तू पण."

बस, एवढंच. वाक्य इदाचंच होतं. त्यातल्या 'हं'सकट, कॉफीसकट. कॉफी ही तर तिचीच युक्ती. बाहेर काढलेल्या माणसाच्या हातात धरायला काहीतरी द्यावं म्हणजे त्याचा अपमान अर्धा होतो, असं तिने कुठल्याशा व्याख्यानात वकिलांच्या भरल्या सभेला सांगितलं होतं आणि सभा हसली होती. त्या सभेत प्रिसिला असणार. आता इदाच्या हातात कागदी पेला होता. तो गरम होता की निवलेला हे तिला हाताला कळत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने किती लेकी, किती जावई, किती पुतणे या वाक्याने बाहेर घालवले असतील. कुणी लाल होई, कुणी म्हणे, आमच्यात काही लपवाछपवी नाही हो, कुणी आईच्या खांद्यावर हात ठेवून तसंच उभं राही. इदा त्या सगळ्यांना एकच सांगायची: अशील तुम्ही नाही, ही आहे. ते तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत. आपलंही तोंड मघाशी तसंच उघडं राहिलं असेल का, याचा तिने विचार केला, आणि तो विचार दुसऱ्या कुणाबद्दल असावा तसा येऊन गेला. उजव्या पायावर डावा पाय टाकून ती बसली होती. खालच्या पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या. तिने पाय सोडवला नाही.

कुठल्याही सभेत तिला बोलायला उभं करण्याआधी कुणीतरी तिचा परिचय वाचून दाखवायचं. तो परिच्छेद तिने स्वतःच कधीतरी लिहून दिला होता आणि त्यानंतर तो आपला आपण फिरत राहिला होता. वृद्धांचे हक्क, मृत्युपत्रं, मालमत्तेची व्यवस्था यांत पाव शतकाचा अनुभव. बॉस्टनला कायद्याचं शिक्षण, रात्रीच्या वर्गात. राज्याच्या समितीवर सदस्य. पोर्तुगालच्या असोरेस बेटांवरून आलेल्या गिरणी कामगाराची मुलगी. या शेवटच्या वाक्याला लोक माना डोलवायचे. पण धंदा ती खरा शिकली तो यांतल्या कुठल्याच ओळीत नव्हता. तो ती शिकली कोलंबिया स्ट्रीटच्या आसपासच्या ऑफिसांतल्या लाकडी काउंटरांपाशी, टाचा उंचावून, हनुवटी काउंटरवर टेकवून. आठ-नऊ वर्षांची असेल. माईला इंग्रजी यायचं नाही, वडील बेट सोडून इकडे आल्यावर तीनच हिवाळे टिकले, आणि आबेल अजून नाक पुसायला शिकला नव्हता. मग बँकेत, दवाखान्यात, शाळेत, गिरणीच्या मुकादमापुढे, सगळीकडे बोलायला इदा. "आई म्हणते," अशी ती सुरुवात करायची. आई काय म्हणते ते पुढे तीच ठरवायची. माई म्हणे, या डुकराला सांग, माझ्या तीन डझन कॉलर मोजल्याच नाहीत याने. इदा म्हणे, आई म्हणते, साहेब, कृपा करून पुन्हा एकदा मोजाल का? माईला डॉक्टर विचारी, झोप लागते का? माई म्हणे, कसली झोप, हे गेले तेव्हापासून उशीत मशीन चालतं माझ्या. इदा म्हणे, आई म्हणते, बरी लागते. आबेलच्या बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं होतं की हा मुलगा वर्षभर खिडकीबाहेर बघत बसतो, याला पुन्हा त्याच वर्गात बसवावं लागेल. इदाने माईला सांगितलं, बाई म्हणतात याची नजर फार चौकस आहे. त्या संध्याकाळी माईने आबेलसाठी मालासादा तळल्या, साखरेत घोळलेल्या, परातभर. जूनमध्ये तो नापास होऊन आला तेव्हा माई फक्त इदाकडे बघून म्हणाली होती, "तू फार छान बोलतेस गं, लेकी." त्यात कौतुक होतं असं इदा पुष्कळ वर्षं धरून चालली होती.

म्हणूनच तर मुलं बाहेर. आईबापांच्या वतीने मुलं किती छान बोलतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत? "आईला ना, आता जिने झेपत नाहीत." "बाबांचीच इच्छा आहे तशी." म्हातारा तिकडे खिडकीबाहेर बघत बसलेला. दार लावलं की मग पाच मिनिटं तो काहीच बोलत नसे आणि सहाव्या मिनिटाला भलतंच बोलायला लागे, जे खरं असे.

"ती आत काय बोलत असेल?" आबेल म्हणाला.

"जे विचारतील ते."

"तसं नाही गं. म्हणजे, बरी बोलेल ना?"

"बरी म्हणजे?"

आबेलने टोपी गुडघ्यावर फिरवली. "थकलीये ती आज. सकाळी लवकर उठवलं मी."

थकलीये. घरात हा शब्द होता. गेले दोन हिवाळे तो वापरून वापरून गुळगुळीत झाला होता. तीन मजली लाकडी घर, खालच्या मजल्यावर माई, मधल्यावर आबेल आणि त्याची बायको, वरचा भाडेकरूला, मागच्या अंगणात द्राक्षाचा मांडव, बादल्यांत लावलेली केल नावाची पालेभाजी, आणि जुना बाथटब अर्धा जमिनीत उभा पुरून त्याच्या कोनाड्यात बसवलेली निळ्या झग्यातल्या आई मरियेची मूर्ती. त्या घरात माईने एकदा गोड पाव ओव्हनऐवजी कपडे वाळवायच्या यंत्रात ठेवला, तेव्हा आबेलची बायको म्हणाली, थकल्या आहेत. चर्चमधून घरी यायची वाट, चाळीस वर्षं पायाखालची, ती चुकून माई एकदा नदीच्या पुलाखाली सापडली, हातात जपमाळ, पायांत घरातल्या सपाता. तेव्हा आबेल म्हणाला, ऊन होतं गं फार. इदा म्हणाली, ऐकू कमी येतं तिला, रस्ता ओलांडताना गोंधळली असेल. हा तिचा धंदा होता. दुसऱ्या कुणाची आई असती तर या तीन वाक्यांवरून तिने पुढचं सगळं सांगितलं असतं. व्याख्यानांत ती सांगायचीच: लवकर या. तुमच्या वतीने उद्या कोण बोलणार ते आज, शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवा. ती वेळ टळली की मग कोर्ट, आणि कोर्ट एखादा परका माणूस नेमतं, जो तुम्ही काय खाता, कुठे झोपता, कुठे मरता ते ठरवतो. आणि नवशिक्या वकिलांना ती सांगायची की विसरण्याला घाबरू नका. आपण विसरतो आहोत हे ज्याला कळतं, तो अजून आपल्या घराचा धनी असतो; त्याची सही घ्या. ज्याला सगळं आठवतंय असं तो सांगतो, त्याच्यापाशी जरा जास्त वेळ बसा. हे सगळं तोंडपाठ असून ती स्वतः दोन हिवाळे बसून राहिली होती. स्वतःच्या आईचे असे कागद स्वतः करता येत नाहीत, कायदा तसं करू देत नाही. आणि फॉल रिव्हरमधल्या दुसऱ्या कुणाकडे जावं तर तो रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर भेटणारच. म्हणून अर्ध्या तासावरचं टॉन्टन, म्हणून पोर्तुगीजचा एक शब्द न येणारी प्रिसिला. प्रिसिलाने फोनवर विचारलं होतं, दुभाषी बोलवू का? माई उखडली होती. "तीस वर्षं मी गिरणीत काय मुकी होते? मला इंग्रजी येतं. परकी बाई माझ्या तोंडात बसायला नको."

आतून आवाज आला. दार जुनं, लाकडी, वरच्या अर्ध्या भागात दुधी काच. प्रिसिलाचं बोलणं त्यातून ऐकू येत नव्हतं, नुसती गुणगुण. पण माई बहिऱ्या माणसाच्या आवाजात बोलत होती, मशीन चालू असल्यासारखी.

"मंगळवार!" माई म्हणाली.

गुणगुण.

"ऑक्टोबर!"

इदाने पेला खुर्चीच्या हातावर ठेवला. बरं चाललं होतं. वार बरोबर, महिना बरोबर. प्रिसिलाने सुरुवात अशी करावी याचं तिला थोडं नवल वाटलं. वार-महिना विचारणं म्हणजे समोरच्याला तुझी परीक्षा चालू आहे असं सांगणंच. इदा तसं कधी विचारत नसे, निदान तसं दिसू देत नसे. मग पुन्हा गुणगुण, यावेळी लांब, एखादी गोष्ट सांगावी तशी, आणि शेवटी प्रश्नाचा चढलेला सूर.

"केलचं सूप!" माई म्हणाली. "डुकराचं सॉसेज घालून. बटाटा थोडा."

पुन्हा गुणगुण. प्रिसिलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला असावा, सावकाश.

"आबेलची मुलगी नर्स आहे. प्रॉव्हिडन्सला. रात्रपाळी."

आणि मग, कुणी काही विचारायच्या आत: "घर माझ्या नावावर. तीन मजले. वर भाडेकरू. हवा थंड आहे, पण ऊन आहे."

वार. महिना. जेवण. नात. घर. हवा. इदा ऐकत होती आणि तिला वाटत होतं की आपण हे कुठेतरी वाचलं आहे. मग तिला कळलं की वाचलेलं नाही. हा तिचा रविवार होता. दर रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर ती माईकडे जायची, पेस्ट्रीचा खोका टेबलावर ठेवायची, माईच्या उजव्या हाताला बसायची आणि गप्पा मारायची. "अगं माई, माझं डोकंच चालत नाही, आज वार कुठला? महिना कसा संपत आला बघ, कुठला चालू आहे? काय केलंस आज, वास छान येतोय. आबेलच्या पोरीचं कसं चाललंय? कुठे कामाला आहे म्हणालीस ती?" स्वतःच विसरभोळेपणाचं सोंग घेऊन विचारायची. समोरच्याला कळू न देता त्याचं डोकं कुठवर शाबूत आहे ते चाचपायचं हे तिचं कसब होतं. अशिलांना ती असंच विचारायची, हसत, चहात साखर ढवळत. आईला वेगळं काही विचारायचं असतं हे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. आणि दर रविवारी माईची उत्तरं बरोबर यायची. खडाखड. इदा गाडीत बसून सुटकेचा श्वास टाकायची आणि पुढच्या रविवारपर्यंत गप्प राहायची.

आज त्यांनी सकाळी गाडीत अंड्याचे सँडविच खाल्ले होते. सूप नव्हतं.

"आबेल," ती म्हणाली, "हे तू शिकवलंस."

आबेल दाराकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, लहानपणी व्हायच्या तशाच. "वार मी आज बदलून दिला होता," तो म्हणाला. "रविवारचा मंगळवार केला. सूप बदलायचं राहून गेलं."

"कधीपासून?"

"आता कधीपासून म्हणजे... झालं असेल वर्ष. जास्तच. शनिवारी संध्याकाळी ती भाजी चिरते आणि मी विचारतो. इदा आता काय म्हणेल? मग वार कुठला? मग ती सांगते. चुकली की हसतो आम्ही. तसं मजेत असतं गं." तो थांबला. "रात्री मात्र झोपत नाही. खाली दिवा दिसतो. एकदा गेलो तर टेबलापाशी एकटीच बसलेली, ओठ हलतायत. मला वाटलं जपमाळ करतेय. ऑक्टोबर, ऑक्टोबर म्हणत होती."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगू? तू येतेस तेव्हा ती पोरींसारखी केस विंचरून बसते. एकदा, त्या ईस्टरला, ती गुरुवार म्हणाली, आठवतंय? तू काही बोलली नाहीस. पण तुझा चेहरा असा झाला," आणि आबेलने आपला चेहरा सपाट केला, डोळे थोडे बारीक, ओठांवर कसलंच काही नसलेलं मऊ हसू. ते इतकं हुबेहूब होतं की इदाला आपल्या ऑफिसातल्या खिडकीच्या काचेत बघितल्यासारखं झालं. "तू गेल्यावर ती म्हणाली, आज वकीलबाई आली होती, इदा नव्हती. मग आम्ही पाठांतर सुरू केलं. तू इदाच राहावीस म्हणून."

यावर आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं इदाला वाटलं. ती वाट बघत बसली. काही आलं नाही. भिंतीवरच्या रेडिएटरमधून पाणी गळगळत वर गेलं. पाऊल आता पाऊल राहिलं नव्हतं, बुटात भरलेली वाळू झाली होती. तिला मादेइरा बेटावरून आलेला एक टकलू दुभाषी आठवला, उगाचच. रात्रीच्या वर्गांत असताना एकदा कोर्ट बघायला नेलं होतं. साक्षीच्या पिंजऱ्यात एक पोर्तुगीज बाई रडत बोलत होती आणि शेजारी हा टकलू, सपाट आवाजात, पोस्टातली पावती वाचावी तसा म्हणत होता, "मला नवऱ्याने जिन्यावरून ढकललं. माझे बाळंतपणाचे दिवस भरत आले होते." इदाला हसू फुटलं होतं, त्या मिशांमधून ते शब्द. नंतर शिक्षकांनी सांगितलं, नियमच आहे तो. दुभाष्याने 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही. 'ती म्हणते' म्हटलं की तो मध्ये येऊन उभा राहतो. 'मी' म्हणायचं, आणि नाहीसं व्हायचं. इदाने तेव्हा वहीत ते लिहून घेतलं होतं आणि मनात म्हटलं होतं, मला जमलं नसतं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गुणगुण थांबली होती. मग प्रिसिलाचा एक प्रश्न, आखूड.

"आबेल!" माई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, तितक्याच मोठ्याने, "इदा नको."

आबेलने टोपी घातली, पुन्हा काढली. "ते दुसरंच काहीतरी विचारलं असेल," तो म्हणाला. "घरी गाडी कोण चालवणार, असं."

"हो," इदा म्हणाली.

"ती तुला काही... तुझं कौतुकच असतं तिला."

"आबेल, पुरे."

दार उघडलं. प्रिसिला बाहेर आली आणि तिने दार मागे ओढून घेतलं, पूर्ण नाही, फट ठेवून. आतल्या म्हाताऱ्या माणसाला कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून. तेही इदा करायची. प्रिसिला इदासमोर वाकली. "तुला माहितीय मला आतलं काही सांगता येत नाही," ती म्हणाली. "मी एकच विचारते. ही उत्तरं तिला कुणी पढवली आहेत का?"

आबेलने श्वास रोखला ते इदाला ऐकू आलं. आणि तिच्या डोक्यात, जिथे बराच वेळ काही हललं नव्हतं, तिथे सगळं आपोआप, सवयीने, फळीवर डबे लावावेत तसं लागत गेलं. हो म्हटलं की सही होणार नाही. प्रिसिला सचोटीची बाई आहे. पढवलेल्या माणसाची सही ती घेणार नाही. मग कोर्ट. कोर्टात सगळे इदाला ओळखतात. परका माणूस येईल ही भीती इतरांसाठी. हिच्या बाबतीत न्यायाधीश कागदावरून चष्मा वर करून विचारतील, तुम्हीच का नाही? आणि मग माईच्या वतीने इदा बोलेल. सगळीकडे. छान बोलेल. इदा नको, हे माई एका बंद दाराआड म्हणाली होती आणि ते कुठेही उरणार नव्हतं. खोटंही बोलावं लागणार नव्हतं, नुसतं हो म्हणायचं होतं, आणि ते खरं होतं. नाही म्हटलं तर ते खोटं होतं, आणि प्रिसिलाला ते कळलंच असतं. तिने तोंड उघडलं. प्रिसिलाच्या गळ्यातला चष्मा दोरीवर हलत होता.

"तू बाजूला हो गं बाई," मागून माई म्हणाली.

ती दारात उभी होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून, कोटाची सगळी बटणं लावलेली, केस विंचरलेले. हे ती पोर्तुगीजमध्ये म्हणाली होती, बेटावरच्या जाड बोलीत, त्यामुळे प्रिसिला नुसती हसून बाजूला झाली. माईने आबेलकडे पाहिलं, मग इदाकडे. "ही बाई चांगली आहे," ती म्हणाली. "पण सारखं वेगळंच विचारते. रांगेने विचारत नाही. एकदा मी सूप म्हणाले, मग कळलं, हिने मला लग्नाचं विचारलं होतं. मग मला काही सांगायचं होतं तिला. शब्द होता माझ्याकडे, इंग्रजीतला, सकाळी होता. आता नाही. तूच सांग तिला, इदा."

इदाला हेही माहीत होतं. माणूस नंतर शिकलेली भाषा आधी परत करतो; उसनी वाटी जशी आधी परत जाते. अशिलांच्या मुलांना ती हे सांगायची तेव्हा आवाज कसा मऊ करायचा हेसुद्धा ठरलेलं होतं. ती उठली. मुंग्या आलेला पाय जमिनीला लागला आणि लागल्याचं कळलं नाही. तिने खुर्चीचा हात धरला.

"इदा," प्रिसिला म्हणाली, "तुला हे करता येणार नाही. तू मुलगी आहेस. मी फोन करून दुभाषी—"

"कर. उद्या कर, परवा कर, पुन्हा सगळं पहिल्यापासून विचार. पण आत्ता ती बोलतेय ते ऐकून घे."

"काय म्हणाली ती?" माईने विचारलं.

"म्हणाली, मी नको. मी तुझी मुलगी आहे ना."

"बरोबर आहे तिचं," माई म्हणाली. "मी पण आत तेच सांगितलं. माझ्याकडून बोलायला आबेलला ठेवा, तो माझ्यासारखाच बोलतो, अडखळत. लोक थांबून ऐकतात. तू थांबू देत नाहीस." हे ती रागाने म्हणाली नव्हती. तिने हात लांब केला आणि इदाच्या कोटाच्या कॉलरची मुडपलेली कड बोटाने सरळ केली, मापात आहे का ते बघितलं. "चल. आता सांग तिला. पण मी म्हणेन तेच सांगायचं. छान करायचं नाही."

"नाही करणार."

"काउंटरपाशी करायचीस."

"तुला कळायचं?"

"मला इंग्रजी येत नव्हतं," माई म्हणाली, "तोंडं वाचता यायची." मग तिने पर्स घट्ट धरली, प्रिसिलाकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत बघत, पण इदासाठी हळू हळू, एकेक शब्द सुटा करून, बोलली. लहानसंच वाक्य होतं, आणि त्याला जोडून आणखी एक. आबेल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "माई, चल, तू थकलीयेस," तो भिंतीला म्हणाला, "घरी जाऊ या." माईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती इदाच्या तोंडाकडे बघत होती, वाचत होती.

प्रिसिला वाट बघत होती.

"आई म्हणते," इदाने सुरुवात केली, आणि थांबली. पावलात आता सुया टोचायला लागल्या होत्या, टाचेपासून वर. तिने ते दोन शब्द परत घेतले. तिला आवाज सपाट ठेवायचा होता, त्या टकलूसारखा, पावती वाचल्यासारखा, आणि तो तसाच निघाला.

"मी विसरत चाललेय," ती म्हणाली. "आणि मला ते कळतंय."